पाय उचल, नाचणगाव!

प्रिय रंजनाताई,

काल संध्याकाळी बाजाराच्या मैदानावर तुझं गाणं वाजलं. आज माझे ओठ असे सुजलेत की चहाचा कप लावला तरी चुरचुरतं. सकाळपासून दिसेल त्याला मी कालची गोष्ट सांगत सुटलोय. दुकानात पंपाची जळलेली मोटार घेऊन एक माणूस आला होता, त्यालाही सांगितली. तो बिचारा मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "भाऊ, मोटार कधी भेटन?" तेव्हा लक्षात आलं की जिला सगळ्यात आधी सांगायला हवं, तिलाच सांगायचं राहिलंय. म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलो.

तू पहिलं हेच विचारशील ना, सूर लागला का? लागला, ताई. माझ्या युफोनियमचा, त्या जाड आवाजाच्या पितळी भोंग्याचासुद्धा लागला. हसू नकोस!

तू गेल्यावर मी तुझ्याबद्दल कुठेच काही बोललो नाही. विहारात सगळे जमले होते, दोघाचौघांनी तुझ्याबद्दल चांगलं सांगितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो. 'मनमिळाऊ', 'सेवाभावी' असले शब्द मला तुझ्या अंगावर बसेनात. तू तर भांडखोर होतीस! बाबांच्या बँडमध्ये तू आलीस, तीसुद्धा एका परीनं भांडूनच.

आठवतं? लग्नाचा सीझन ऐन भरात होता आणि आपला ट्रम्पेटवाला डोमाजी सायकलवरून पडला. समोरचा दात गेला, ओठ फाटला. बाबा अंगणात बाजेवर डोकं धरून बसले. बँडमास्तर आणि ट्रम्पेट नाही, म्हणजे नवरदेव आणि घोडी नाही! तू शाळेतून आलीस, दप्तर टाकलंस, बाजेवरचं ट्रम्पेट उचललंस आणि नवरदेव मांडवात येतो तेव्हाची सलामी वाजवलीस. अख्खी, न थांबता. बाबांनी आधी वळून रेडिओकडे पाहिलं. आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तू कधी शिकलीस, कुणाला माहीतच नव्हतं. बाबा दुपारी झोपले की तू गोठ्यामागे जाऊन फुंकायचीस, हे मला माहीत होतं, पण मी तुझ्या बाजूचा होतो.

बाबांनी तुला शिकवलं. दुसरा इलाजच नव्हता, एवढा चांगला फुंकणारा त्यांना मिळाला असता कुठे? पण वरातीत मात्र नेलं नाही. "बारातीत पेलेले लोक राह्यते," ते म्हणाले. "मी बाप हाओ पह्यले, मास्तर मंग." तू दोन्ही वेळ जेवली नाहीस. विहाराच्या पायरीवर जाऊन बसलीस आणि तिथूनच वाजवत राहिलीस, वस्तीला वैताग येईपर्यंत.

मग चौदा एप्रिलची जयंती आली. त्या मिरवणुकीत बाबांनी तुला पहिल्या रांगेत उभं केलं. पांढरा सलवार-कमीज, निळी ओढणी, आणि उन्हात चमकणारं ते ट्रम्पेट. मी तुझ्या शेजारी खुळखुळा घेऊन होतो आणि मला वाटत होतं, सगळे आपल्यालाच बघताहेत. चौकात एका म्हाताऱ्यानं बाबांचे हात धरले. "मास्तर, हे पोट्टी नाई, तोफ हाय तोफ!" बाबा तेव्हा रागावल्यासारखे दिसत होते. ते रडू दाबत होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, माझी पोरगी पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिली तेव्हा.

तू नर्सिंगला नागपूरला गेलीस आणि घरातला आवाजच गेला. दिवाळीत आलीस ती एक कॅसेट घेऊन. तुझी खोलीतली मैत्रीण फिलोमिना गोव्याची, तिचे मामा तिकडे बँडमध्ये वाजवायचे, त्यांनी तिला दिलेली. आपण सगळे टेपभोवती बसलो. काय ते वाजत होतं! ट्रम्पेट सलग गातच नव्हतं. एक तडाखा द्यायचं, गप्प बसायचं, पुन्हा तडाखा. खालून कुणीतरी जाड सुरात सारखं गुरगुरत होतं.

"हे वाजवून राह्यले का भांडून राह्यले?" बाबा म्हणाले.

"याले फंक म्हणते, बाबा."

"फुंक?" आई आतून म्हणाली. "मंग तुमी काय येवढे दिवस चावत होते का? फुंकूनच तं वाजवता."

आपण हसून हसून लोळलो. त्या दिवसापासून आपल्या घरात त्या संगीताचं नाव फुंकच पडलं. तू बाबांना समजावत होतीस, की पहिल्या ठोक्यावर सगळा जोर द्यायचा आणि मग जागा मोकळी सोडायची, ऐकणाऱ्याच्या पायाला शिरायला. जिनिंगमध्ये कापसाची गाठ दाबणारं प्रेस कसं एकदाच धाडकन बसतं आणि मग थोडा वेळ नुसती जमीन हलत राहते, तसं. बाबांनी तोंड वाकडं केलं. पण मी त्यांचा पाय बघत होतो. बाजेखाली त्यांचा अंगठा बरोबर पहिल्या ठोक्याला उचलत होता.

बाबांना तुझं गाणं ऐकायला मिळालं नाही, ही माझी एक हळहळ आहे. त्यांनी नावं ठेवली असती, आणि मग चार गावांत सांगत फिरले असते.

गाणं कसं सुरू झालं ते तू मला सांगितलं होतंस. सावंगीच्या हॉस्पिटलात नोकरी लागून बरेच दिवस झाले होते. कँटीनमध्ये नवीन आलेल्या कुणा डॉक्टरनं विचारलं, "सिस्टर, गाव कोणतं?" तू म्हणालीस, नाचणगाव. तो म्हणाला, "म्हणजे तिथे सगळे नाचतात का?" टेबलभर हसले. तूही हसलीस. पण रविवारी पुलगावला बसमधून उतरून घरी आलीस ती पिशवी आपटतच.

"हसले तं हसू दे. आता त्यायले नाचवतेच मी, पाह्य."

मी म्हटलं होतं, गावावर गाणं करायचं तर जुन्या आठवणी घाल, वडाचं झाड घाल, डोळ्यांत पाणी येईल असं काहीतरी. तू असं बघितलंस माझ्याकडे!

"गाव म्हटलं का रडाचंच काऊन रे? गाव काय मेलं हाय का? दर रविवारी बसनं येते मी. इथं भाजी भेटते, भांडण भेटते, आई भेटते. रडाचं काय त्याच्यात?"

तुझं हे बोलणं मला फार उशिरा कळलं. गावाचा अभिमान म्हणजे गाव मोठं आहे, जगात भारी आहे, असं तुझं कधीच नव्हतं. जसं आहे तसं तू त्याचं नाव मोठ्यांदा घ्यायचीस, बस.

मग आपले रविवार सुरू झाले. अंगणात तू, मी, साईड ड्रमवर रशीदचाचा आणि ढोलावर गुणवंता. डोमाजी आता कवळी बसवून आला, दुसरं ट्रम्पेट घेऊन. त्याचे दात मधेच हलायचे आणि तडाख्याच्या जागी शिट्टी निघायची. तू मला एकच सूर धरायला सांगायचीस, खालचा, जाड, गुरगुरणारा. मी कंटाळून वर गेलो की ट्रम्पेट खाली ठेवून म्हणायचीस, "तू जमीन हाएस बावा, जमिनीनं उडाचं नाई." रशीदचाचा वयानं बाबांच्या बरोबरीचे, आयुष्यभर बारातीचा ठेका वाजवलेले. ते म्हणाले, "बेटा, ये बीच में खाली क्यूँ छोडते?" तू म्हणालीस, "चाचा, लोकायचे पाय पडू द्या ना तिथं." चाचांनी काठ्या उचलल्या, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा त्यांचा ठेका बसला आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, बाप्पा!

शब्द तू चालता चालता जुळवलेस. बाजार, नदीकडची वाट, शाळा, मळे, एकेक कडवं. मला बाजाराचं फार आवडायचं:

बाजाराच्या दिशी ये, वांगे घेजो काटेरी,
भावासाठी भांडजो, मंग चहा घेजो माह्या घरी!
पाय उचल, नाव घे, नाचणगाव!
हसू नको, नाचून पाह्य, नाचणगाव!

आणि शेवटचं आपल्या वस्तीचं:

विहाराच्या पायरीवर पोट्टी ट्रम्पेट फुंकते,
पिंपळाची फांदी फांदी तालावरती झुकते!

त्यावरूनच सगळं अडलं.

आता बापूरावांबद्दल मी थोडं सरळ लिहितो, तू रागावशील तरी. माणूस वाईट नाही. भाजीचा मळा करतात, पहाटे गाडी भरून वर्ध्याला पाठवतात, कुणाचं अडलं तर धावून जातात. गावच्या मंडळाचे ते अध्यक्ष. जत्रेच्या कार्यक्रमात गाणं ठेवायचं म्हणून ते ऐकायला आले, अंगणात उभे राहून त्यांनी ठेका धरला, "वा, वा" केलं. मग निघताना चप्पल घालता घालता म्हणाले, "रंजना, गाणं एक नंबर हाय. फक्त ते शेवटचं विहाराचं कडवं तेवढं राहू दे. सारे येते तिथं. कोणी काई बोलन, उगाच वाद होईन."

तू शांतपणे विचारलंस, "बापूभाऊ, बाजाराच्या कडव्यावर वाद होईन का?"

"त्याच्यावर काऊन होईन?"

"शाळेच्या?"

ते वाकून चपलेचा पट्टा ओढत राहिले.

"मंग बापूभाऊ, अर्धं गाव मले वाजवता येत नाई. वाजवलं तं सारं, नाई तं नाई."

तू आवाज चढवला नाहीस. आत गेलीस, त्यांना चहा आणून दिलास, त्यांनीही तो घेतला. पण जत्रेत गाणं वाजलं नाही. तू ट्रम्पेट घेऊन सावंगीला निघून गेलीस. पुढच्या रविवारी आली नाहीस. त्याच्या पुढच्याही.

मला वाटलं, तू रुसलीस. ताई, इथे मी तुझ्याशी भांडणार आहे. तू नर्स होतीस. गाठ कसली असते, ती कधी दाखवायची असते, हे तू परक्या बायकांना रोज समजावून सांगायचीस. मग स्वतःच्या गाठीबद्दल कुणाला का नाही सांगितलंस? सावंगीला तुझ्यासोबत राहणाऱ्या भाऊजींनासुद्धा नाही! फोनवर मी विचारायचो, "काऊन येऊन नाई राह्यली?" तू म्हणायचीस, ड्यूटी हाय. श्वास पुरत नाही म्हणून ट्रम्पेट बंद झालं होतं, आणि मी इकडे लोकांना सांगत होतो की ताई मंडळावर चिडली आहे. तुला आम्हाला घाबरवायचं नव्हतं, हे कळतं मला. तरी रागही येतो. अजूनही येतो.

आम्हाला कळलं तेव्हा फार काही उरलं नव्हतं. तुझ्याच वॉर्डातल्या मुली तुझ्या उशाशी होत्या. मी आलो की तू त्यांना म्हणायचीस, "हा माहा भाऊ, जमीन," आणि त्यांना काही कळायचं नाही. एका दुपारी तू डोळे मिटून पडली होतीस आणि चादरीवर तुझी तीन बोटं हलत होती. ट्रम्पेटच्या तीन खुंट्या. मी ओळखायचा प्रयत्न केला, कोणतं गाणं आहे. पण ओळखू आलं नाही. विचारायला हवं होतं. तू जागीच होतीस बहुधा.

तू गेलीस आणि गाणं बंद झालं. आम्ही लग्नं वाजवली, मिरवणुका वाजवल्या. ते गाणं कुणी काढलं नाही. गुणवंता एकदा नुसता ढोलावर तो पहिला ठोका देऊन बघायला गेला, तर रशीदचाचांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

यंदा जत्रेच्या आधी बापूराव पुन्हा घरी आले. बसले. आईची तब्येत विचारली. मग म्हणाले, "अरुण, लोकं विचारते त्या गाण्याचं. पोट्टे तं मोबाईलवर शोधते, भेटत नाई त्यायले. यंदा वाजव." मी पाण्याचा तांब्या पुढे केला. ते म्हणाले, "असं कर, नुसतं वाजव. गाऊ नको. शब्दच नाई तं कोणाचं कडवं राह्यलं अन् कोणाचं गेलं, सवालच नाई."

ते गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. ताई, खरं सांगतो, मला ते गाणं फार ऐकायचं होतं. तुझ्या गाण्याचा तो पहिला तडाखा पुन्हा एकदा अंगात शिरावा, एवढंच हवं होतं. आणि बापूराव म्हणतात ते खोटंही नव्हतं, शब्द नसले तर काही कापलंही जात नाही. पण तू काय म्हणाली असतीस तेही मला माहीत होतं.

आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "रंजी असती तं नाई म्हणली असती," ती म्हणाली. मग बराच वेळ खडे काढत राहिली. "पण रंजी नाई. तूच हाएस. तुले वाजवावं वाटते तं वाजव. मले बी आयकाचं हाय."

मी बापूरावांना हो म्हणालो.

काल ऊन उतरता उतरता मैदान भरलं. पुढे म्हाताऱ्या माणसांना प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे सगळं गाव. पुलगावहूनही लोक आले होते. आई पहिल्या रांगेत, बापूरावांच्या आईच्या शेजारी. कमलकाकू, ओळखतेस ना? तू ओळखतेस! किती चांगलं ओळखतेस, ते मला कालच कळलं.

तुझं ट्रम्पेट डोमाजीनं धरलं होतं. रशीदचाचांनी माझ्याकडे पाहिलं, काठ्या वाजवून मोजलं, आणि आम्ही पहिला तडाखा दिला.

ताई, काय सांगू! अंगणात आपण चार-पाच जण वाजवायचो तेव्हा भिंतीवरून आवाज परत यायचा. इथे तो लोकांत शिरला. पहिल्या ठोक्याला पुढची पोरं नुसती उडाली. मग ती मोकळी जागा आली, तुझी जागा, आणि तिथे शेकडो पाय पडले. मी खाली माझा एकच सूर धरून उभा होतो आणि जमीन खरोखरच हलत होती. ध्रुवपदावर मी मनात म्हटलं, पाय उचल, नाव घे, आणि समोरून आवाज आला, "नाचणगाव!" मला वाटलं, सहज कुणी ओरडलं. नाव ओळखलं असेल.

मग बाजाराच्या कडव्याची चाल आली, तर एक बाईचा आवाज शब्द म्हणायला लागला. काटेरी वांग्यांचे. आणखी एक मिळाला. मग मागून एक पुरुषाचा. मी बघत होतो, पण तोंडात वाद्य, विचारणार कसं? डोमाजी भुवया उडवून माझ्याकडे बघत होता. आपल्या अंगणाबाहेर हे शब्द गेलेच कसे?

शाळेचं झालं. मळ्यांचं झालं. दर कडव्याला आवाज वाढत होते. आणि मग ती शेवटची चाल आली. मला भीती वाटली, ताई. वाटलं, आता सगळे गप्प होतील आणि तो गप्पपणा सगळ्यांना ऐकू येईल.

कमलकाकू खुर्चीतून उठल्या. एक हात पोटाशी धरलेला, दुसरा वर. आणि त्यांच्या त्या फाटक्या, खणखणीत आवाजात त्यांनी सुरू केलं, "विहाराच्या पायरीवर पोट्टी ट्रम्पेट फुंकते!" एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. प्रत्येक ठोक्याला एक पाऊल, सावकाश, जपून, अगदी पाठ केल्यासारखं. त्यांच्या मागे दोघी-तिघी उठल्या. त्याही तशाच चालायला लागल्या. मग एक म्हातारे गृहस्थ, काठी टेकत. सगळे गात होते आणि चालत होते आमच्याकडे.

बापूराव मंडपाच्या खांबाजवळ उभे होते. त्यांच्या हातात सूत्रसंचालनाचा माईक होता. ते आपल्या आईकडे बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि सूर सुटू देत नव्हतो. ते पुढे आले. त्यांनी एका हातानं काकूंचा दंड धरला आणि दुसऱ्या हातानं माईक त्यांच्या तोंडाशी नेला.

"म्हण माय," ते म्हणाले. "जोरानं म्हण."

ते कडवं काल गावानं तीनदा म्हटलं. आम्ही थांबायला गेलो तर लोक थांबू देईनात.

नंतर मी काकूंना विचारलं. त्या घाम पुसत खुर्चीत बसल्या होत्या. "काकू, हे गाणं तुमाले कसं येते?"

"कसं येते म्हंजे? रंजनानं शिकवलं ना! माह्या पोटाचं आप्रेशन झालं तवा. टाके दुखे तं मी खाटीवरून उतरोच नाई. डाक्टर म्हणे चाला, चाला. कोण चालते? तं ते आली, म्हणे काकू, गावाचं नाव घ्या अन् पाय उचला. एक कडवं खिडकीलोक जाचं, एक कडवं परत खाटीलोक याचं. विहाराचं कडवं आलं का समजाचं, आता खाट आली." त्या हसल्या. "लय गोड लागे मले ते कडवं!"

शेजारच्या बाईनं सांगितलं, तिच्या नणंदेलाही तू असंच चालवलंस. काठीवाल्या गृहस्थांनी सांगितलं, त्यांचं तर हर्नियाचं. आपल्या गावातलं जे कुणी तुझ्या वॉर्डात आलं, त्याला तू या गाण्यावर उठवून उभं केलंस. जत्रेत गाणं वाजलं नाही तेव्हा मी हळहळत बसलो होतो, आणि तू तिकडे एकेका टाके घातलेल्या माणसाला ते गायला लावत होतीस, सगळ्या कडव्यांसकट! आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस. का गं? मी येऊन बघितलं असतं ना एकदा. पण बरंही झालं. बघितलं असतं तर कालचं मला असं कळलं नसतं.

आईनं काकूंचा हात धरून ठेवला होता. बापूराव चहा घेऊन आले, स्वतः, ट्रे हातात धरून. मला देताना म्हणाले, "माय घरी रोज तोंडातल्या तोंडात पुटपुटे हे. मले वाटे, देवाचं काई असन." मग चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "रंजना बरोबर होती, अरुण. मी तिले तसं म्हणाले पाह्यजे होतं."

मी म्हटलं, "मी कळवतो." दुसरं काय म्हणणार? तर कळवलं.

आता शेवटचं. सामान गाडीत भरत होतो तर कुंभारपुऱ्यातले दोघं आले. चेहरे गंभीर. मला वाटलं, झालं, वाद आला. म्हणाले, "मास्तर, बाकी सारं ठीक हाय. आमचा पुरा कुठं हाय गाण्यात?" तोवर स्टेशनकडचे आले, मग मशिदीमागच्या गल्लीतले आले, रशीदचाचांना दटावत, "चाचा, आप होके भी अपनी गली नहीं?" आणि पुलगावचे तर हटूनच बसलेत, की बसमधून उतरायचीस आमच्या स्टँडवर आणि गाणं नाचणगावचं!

तुला छोटी गाणी आवडायची, माहीत आहे. लांबवलं की चिडायचीस. तरी आज मी तुला वचन देतो, ताई. जो येऊन म्हणेल की माझी गल्ली घाल, त्याचं कडवं मी जुळवीन. तुझ्याइतकं चांगलं नाही जुळणार, पण ठोक्यात बसवीन. आणि कुणी कितीही गोड बोलून म्हणालं की हे एवढं एक राहू दे, तरी एकही कडवं या गाण्यातून निघणार नाही. वाजवायला रात्र लागली तरी चालेल.

रविवारी अंगणात सगळे येताहेत. कुंभारपुऱ्यापासून सुरुवात करतोय.

तुझा लहान भाऊ,
अरुण
नाचणगाव